ओलं माप, सुकं माप

माझ्या खिशात रुमाल नसतो. ऑफिसात नाही, लग्नाकार्यात नाही. घाम आला तर शर्टाची बाही आहे, शिंक आली तर नशीब. यंदा दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काही लिहून द्या असं पत्र आलं, तेव्हा मी बायकोला, आमच्या सुमनला, विचारलं, काय लिहू? ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "रुमालाचं लिहा. बाकी सगळं तुम्ही फुगवून सांगता."

तर रुमालाचं लिहितो. त्याआधी माझा धंदा सांगतो, कारण लोकांना वाटतं मी बाजारात फिरून फुकट भाजी घेणारा माणूस आहे.

मी वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर. डिचोली आणि पेडणे हे दोन तालुके माझे. दुकानदाराचं वजन बरोबर आहे का, तेलवाल्याचं माप पुरं आहे का, पेट्रोलपंप लिटरला लिटर देतो का, हे बघायचं आणि शिक्का मारायचा किंवा खटला भरायचा. लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं, हे किती गिऱ्हाइकांना ठाऊक आहे? ते शिसं जरा कोरून काढलं की वरून वजन जसंच्या तसं दिसतं. पेडण्याच्या एका वाण्याकडे मी वजन उलटं करून बघितलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सायब, उंदरांनी खाल्ला असतला." शिसं खाणारे उंदीर मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. डिचोलीच्या बाजारात एका मासळीवालीला मी काटा का ठेवत नाहीस म्हणून विचारलं. ती बांगड्यांचे वाटे लावत होती. म्हणाली, "वांटो दोळ्यांनी मेजप. तुजो कांटो हांव दोळ्यांत घालूं?" बाजार हसला, मीही हसलो, आणि त्या दिवशीचे बांगडे निमूट डोळ्यांनी मोजून घरी आणले.

अशा नोकरीत माणूस संशयी होतो. दूधवाल्याचं माप मी बोट घालून बघतो. साखरपुड्याला आलेल्या पेढ्यांचा पुडा मी हातात तोलून बघितला होता, हे सुमन अजून पाहुण्यांना सांगते. सासुरवाडीत, पेडण्याला, मी जेवायला बसलो की सासूबाई भाताची मूद दोनदा बघून वाढत, म्हणे जावयाला कमी वाटायला नको.

आता त्या स्पर्धेकडे येतो.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. भाषेची भांडणं अजून ऊन होती. बोलायचं एका भाषेत, लिहायचं दुसऱ्या भाषेत आणि भांडायचं दोन्हींत, असे ते दिवस. डिचोलीच्या एका क्लबाला वाटलं की दोन तालुक्यांत सलोखा व्हावा म्हणून पायलटांची स्पर्धा घ्यावी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे पायलट म्हणजे विमानाचा नव्हे. मोटरसायकलवर मागं प्रवासी बसवून पोचवणारा तो पायलट. स्पर्धा अशी की प्रत्येकाला अर्धा लिटर पेट्रोल मिळणार. डिचोलीहून निघायचं, अस्नोडा, कोलवाळचा पूल करत पेडण्याकडे जायचं, पेट्रोल संपेल तिथं थांबायचं. जो सगळ्यांत लांब जाईल त्याला एक कोरी करकरीत मोटरसायकल बक्षीस.

सलोखा पहिल्याच बैठकीत संपला. नियमांचा कागद मराठीत काढला तर काहीजण म्हणाले कोंकणीत का नाही. कोंकणीत काढला तर इतर म्हणाले मराठीत का नाही. दोन्हींत काढला, तेव्हा एकाने दोन्ही कागद शेजारी धरून तासभर वाचले, आणि मराठीच्या कागदात एक ओळ जास्त का आहे असं विचारलं. ती ओळ छापखान्याचा पत्ता होती.

मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी उभा राहून आधीच सांगितलं, "पेडण्याच्या पायलटांत उल्हास म्हणून एक आहे, तो माझ्या बायकोचा चुलतभाऊ. दुसरा कोणीतरी बघा." पण दोन्ही तालुक्यांत सरकारी शिक्क्याचं अर्ध्या लिटरचं पितळी माप माझ्याच कपाटात होतं. पेडण्याची माणसं गालात हसली. डिचोलीकडून एक आवाज आला, "जांवय मेजतलो, आमी पळयतले." जावई मोजेल, आम्ही बघू.

उल्हासबद्दल सांगायला हवं. पोरगा सरळ. पेडण्याच्या स्टँडवर सहा वर्षं गाडी चालवत होता, पण गाडी त्याची नव्हती, एका मालकाची होती. मालकाने सांगून ठेवलं होतं की चवथ झाली की गाडी मी विकणार. म्हणजे गणपती विसर्जन झाले की उल्हासचा धंदाही पाण्यात. स्वतःची गाडी मिळाली तर पायलट, नाहीतर सुर्ल्याला खाणीच्या ट्रकवर. त्याच्या आईला खाणीचं नाव काढलेलं चालत नसे, नवरा तिथंच गेला होता. स्पर्धेआधी तो आमच्याकडे आला, चहा घेतला आणि एवढंच म्हणाला, "भावजी, तुमी माका एक थेंब जास्त देव नका. पण एक थेंब कमी पण देव नका."

मी म्हटलं, "अरे, सरकारी माप आहे ते." हे वाक्य मी त्या वेळी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं.

तयारी मात्र मी कसून केली. संशय हा माझा धंदाच. गाडीची टाकी वापरायची नाही, तिच्या नळीला तार आणि शिसाचं सील, पंपाला मारतो तसंच. पेट्रोल द्यायचं ते सलाईनच्या काचेच्या बाटलीत. ती हँडलला टांगायची, खालून नळी थेट कार्बोरेटरला, नळीवर एक लहानसा पितळी कॉक. गॅरेजवाले ॲव्हरेज बघायला हेच करतात. काच असल्यामुळे किती उरलं ते सगळ्यांना दिसतं. कार्बोरेटरच्या वाटीतही पेट्रोल साठलेलं असतं, म्हणून आधी प्रत्येक गाडी चालू ठेवून आपोआप बंद पडू द्यायची, मगच बाटली. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायला बंदी. त्यावर लक्ष ठेवायला मागच्या सीटवर एकेक साक्षीदार, आणि तो कोण? डिचोलीच्या पायलटामागं पेडण्याचा माणूस, पेडण्याच्या पायलटामागं डिचोलीचा. साक्षीदारांची वजनं सारखी हवीत म्हणून मी त्यांना काजूच्या वखारीतल्या मोठ्या काट्यावर चढवलं आणि जो हलका भरला त्याच्या मांडीवर वाळूची पिशवी दिली. एक जाडजूड मास्तर काट्यावरून उतरताना म्हणाले, "हें वजन कोणाक सांगूं नाकात." मी आजवर सांगितलेलं नाही.

तपासणीत दोघं सापडले. एकाने नळी हवी त्याहून चौपट लांब ठेवून सीटखाली गुंडाळली होती, आत पेट्रोल भरून. दुसऱ्याच्या टूलबॉक्समध्ये एक औषधाची बाटली निघाली. खोकल्याचं औषध आहे म्हणाला. मी म्हटलं, घे बघू एक घोट. दोघंही बाद.

आणि मग गोपाळबाब. डिचोलीच्या स्टँडवरचा सगळ्यांत जुना पायलट, पंचावन्नच्या पुढचा. हा माणूस बोलत नसे. गाडीवर जुनी चादर घालून बाजूला उभा होता. न बोलणारा माणूस आणि झाकलेली गाडी, मला आणखी काय हवं? मी ती गाडी तीनदा तपासली. सीट काढली, दिवा उघडला, हँडलच्या पोकळीत तार घालून बघितली. काही नाही. गाडी इतकी जुनी की किकला सात-आठ लाथा लागत, आणि त्याचा उजवा गुडघा गेलेला, म्हणून किक मारायला तो कुणातरी पायलटाला हाक मारी. तरीही मला वाटत होतं, याच्याकडे काहीतरी आहे.

चिठ्ठ्या काढल्या. पहिला नंबर आला उल्हासचा. दुसरा गोपाळबाबचा.

आता आमच्या धंद्यातली एक बारीक गोष्ट. सुकं माप भरून ओतलं तर पूर्ण माप बाहेर पडत नाही. थोडं पेट्रोल आतल्या भिंतींना चिकटून राहतं. म्हणून आधी माप एकदा भरून ओतून टाकायचं, आणि मग मोजायला लागायचं. भिंती एकदा भिजल्या की पुन्हा पीत नाहीत. माझ्या पहिल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली ही गोष्ट, आणि मी ती सतरा वर्षं एकदाही चुकलो नव्हतो. त्या दिवशीही चुकलो नाही. सील केलेल्या कॅनमधून माप भरलं, परत कॅनमध्ये ओतलं, नरसाळंही भिजवलं आणि उल्हासच्या बाटलीकडे वळलो.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "सायबा, माप भितर ओलें दिसता. तें कोणाच्या वांट्याचें?"

झालं. माना पुढं आल्या. पहिला नंबर कोणाचा, तर जावयाच्या मेव्हण्याचा. माप आतून ओलं. दोघा-तिघांनी बोटं दाखवली. मी समजावून सांगू शकलो असतो. पण सुनावणीला उभं राहिलेल्या दुकानदारासारखं मला वाटलं, आता जो जास्त बोलेल तो चोर. उल्हासकडे बघितलं, तो मान खाली घालून उभा. मग मी माझ्या मते फार बाणेदारपणा केला. खिशातून पांढरा रुमाल काढला, मापात घातला, आतून गरगर फिरवला. नरसाळंही पुसलं. माप उलटं करून सगळ्यांना दाखवलं, जादूगार टोपी दाखवतो तसं. कुणीतरी टाळी वाजवली.

मग उल्हासला मोजून दिलं. त्याच्या मागोमाग गोपाळबाबला, आणि त्याच्यामागं बाकीच्यांना. पुन्हा कुणी ओल्या मापाकडे बोट दाखवलं नाही, कारण पुढच्यांत कोणी माझा नातेवाईक नव्हता.

गाड्या सुटल्या. मी क्लबाच्या जीपमधून मागं. अस्नोड्यापर्यंत कोणी थांबला नाही, पण कोलवाळचा पूल ओलांडल्यावर गळती लागली. रस्त्याच्या कडेला एकेक गाडी, तिच्यावर रिकामी बाटली, आणि शेजारी दोन तालुक्यांची दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून. पेडणं मागं पडलं तेव्हा दोनच गाड्या उरल्या होत्या. मोप्याच्या सड्याकडे, म्हणजे पठाराकडे, जाणारा फाटा येतो, त्याच्या जरा अलीकडे उल्हासची गाडी थांबली. गोपाळबाबची त्याच्यापुढं गेली आणि मग तीही थांबली. मी मधलं अंतर चालत मोजलं. नव्वद पावलं.

उल्हासने हात मिळवला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. मी मात्र गोपाळबाबची गाडी तिथंच रस्त्यावर उघडली. चौथ्यांदा. सील शाबूत, नळी मापाची, टाकी कोरडी. साक्षीदार पेडण्याचा होता, तोही म्हणाला, "नाय सायब, काय एक केलेला नाय तेणी." गोपाळबाब गुडघा चोळत माझ्याकडे बघत होता. माझं झाल्यावर त्याने त्या दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"सगळ्यांच्यो गाडयो तपासल्यो. तुमचें माप कोणें तपासलें?"

मला राग आला. नव्या गाडीला हार घातला, फोटो निघाले, मी घरी आलो आणि जेवताना सुमनला म्हणालो, "त्या म्हाताऱ्याने काहीतरी केलंय. मला सापडलं नाही एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर कपडे घेऊन बसली होती. तिथून हाक आली. "अहो, ह्या रुमालाला पेट्रोलचा वास कसा हो? तुम्ही तर मापानं मोजत होता."

मी दात घासत होतो. तसाच उभा राहिलो. वास कसा, तर मापातून पुसून घेतलेल्या पेट्रोलचा. जे उल्हाससाठी भिंतींना पाजून ठेवलं होतं, ते मी सगळ्यांसमोर रुमालाला पाजलं होतं. मग सुक्या भिंतींनी त्याच्या वाट्यातलं घेतलं. गोपाळबाबला आणि पुढच्या सगळ्यांना पुरं माप मिळालं. आख्ख्या स्पर्धेत कमी पेट्रोल मिळालेला माणूस एकच, आणि त्याने मला चहा घेताना थेंबाचं सांगून ठेवलं होतं.

ऑफिसात जाऊन आकड्यांच्या काचेच्या नळ्यात मोजून बघितलं. एकदा सुकं माप, एकदा ओलं. फरक आला चहाच्या लहान चमच्याएवढा. एवढ्यात उल्हासची गाडी किती गेली असती याचा हिशेब मांडला. नव्वद पावलांच्या कितीतरी पुढं.

मी क्लबाच्या अध्यक्षांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "इन्स्पेक्टरबाब, बायलेचो भाव हारलो म्हणून तुमी आतां चमचो सोदून काडलो?" मी लिहून द्यायला तयार होतो. त्यांनी कागद घेतला नाही. दुकानदार मला शपथेवर सांगतात आणि मी मान हलवतो, ती मान कशी दिसते ते मी त्या दिवशी समोरून बघितलं.

मग राहिला एकच माणूस. गोपाळबाबच्या घरी गेलो. नवी गाडी ओसरीवर, हार सुकलेला, हँडलला कुंकू. त्याने मला बसायला सांगितलं. मी रुमालापासून सुरुवात केली, तसा तो म्हणाला, "खबर आसा." ठाऊक आहे. दहा वर्षं तो म्हापशाला पेट्रोलपंपावर होता. माझ्यासारखे इन्स्पेक्टर माप भिजवताना त्याने कितीदा बघितले होते. रुमाल फिरवला तेव्हाच त्याला कळलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

त्याने हँडलवरचा सुकलेला हार काढून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "सांगतलों आशिल्लों. फाटल्यान म्हाजोच नंबर." सांगणार होतो, पण मागून माझाच नंबर. म्हणजे बोललो असतो तर स्वतःच्या तोंडचं काढून दुसऱ्याला दिल्यासारखं, आणि न बोलून गाडी घरात आली तरी झोप येईना. त्यानेच मग ठरवलं. येत्या रविवारी सकाळी पुन्हा धावायचं. तोच रस्ता, त्याच दोन गाड्या, फक्त आम्ही तिघं. उल्हास पुढं गेला तर नवी गाडी उल्हासची. आतून त्याची बायको ऐकत होती. ती बाहेर येऊन नव्या गाडीवरची धूळ पदराने पुसून गेली.

रविवारी उल्हास गोपाळबाबच्या दारात आला. साक्षीदारांऐवजी दोघांच्या मागच्या सीटवर सारख्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या बांधल्या. माप भिजवलं. गोपाळबाब म्हणाला, "आतां म्हाका सुकें दी." या वेळी मला सुकं दे. मी म्हटलं, दोघांनाही ओलंच मिळेल, आणि तसंच दिलं, प्रत्येक वेळी तीस आकडे मोजून निथळून. रुमाल मी घरी ठेवून आलो होतो.

निघताना गोपाळबाबची गाडी चालू होईना. त्याने दोन लाथा मारल्या आणि गुडघा धरून थांबला. उल्हास आपल्या गाडीवरून उतरला, त्याच्या गाडीवर बसला आणि किक मारत राहिला. नऊ लाथा. दारात गोपाळबाबची बायको उभी होती, तिच्यामागं ओसरीवर ती नवी गाडी. नवव्या लाथेला इंजिन लागलं. उल्हासने गाडी त्याच्या हातात दिली आणि आपल्या गाडीकडे येताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी स्कूटरवर मागं. पेडण्यापर्यंत दोघं जवळजवळ बरोबर. त्यापुढं उल्हास पुढं निघाला, आणि मला मनातल्या मनात हलकं वाटायला लागलं. फाटा दिसू लागला. फाट्याच्या अलीकडे, पहिल्या वेळच्याच जागेजवळ, उल्हासची गाडी अडखळली आणि थांबली. गोपाळबाब त्याच्या बाजूने फटफट करत गेला, फाटा ओलांडला, वळणाआड झाला.

मी पोचलो तोवर उल्हासने बाटली सोडवून घेतली होती. "संपला, भावजी. आता तरी झाला मां समाधान?"

"दे इकडे बाटली," मी म्हटलं. सामान गोळा करणं माझं काम.

त्याने क्षणभर उशीर केला, मग दिली. मी ती उन्हात धरली. सवय. तळाशी पेट्रोल होतं. फार नाही. चहाचा लहान चमचा भरेल इतकंच. कॉक बंद होता.

मी उल्हासकडे बघितलं. तो रस्त्यापलीकडच्या काजूच्या झाडांकडे बघत होता. "बंद पडल्यावर कॉक बंद करूक होयो," तो म्हणाला, "नायतर गळता."

रिकाम्या बाटलीतून काय गळणार, हे मी विचारलं नाही. सतरा वर्षं मी लोकांना हेच विचारत आलो होतो. बाटली उलटी करून कॉक उघडला. डांबरावर एक ओला डाग पडला आणि बघता बघता उडून गेला. बोटांना पेट्रोल लागलं, हात पुसायला खिशात घातला, तर रुमाल नव्हता. पँटला पुसला.

वळणापुढं गोपाळबाब गाडीला टेकून बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मागून चालत येणाऱ्या उल्हासकडे.

"कितलीं पावलां?"

मी मोजली नव्हती. "दीडशे," मी म्हटलं.

"मेजलीं?"

"मोजली."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी दुकानदारांकडे बघतो तसा. मग "बरें" म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

चवथ झाल्यावर मालकाने उल्हासची गाडी नेली. तो सुर्ल्याला ट्रकवर लागला. त्याच्या आईने आमच्याकडे वर्षभर पाऊल टाकलं नाही. त्या वर्षी मी पंपांवरची मापं नेहमीपेक्षा जास्त पकडली, आणि प्रत्येक खटला लिहिताना हात जरा थांबे. सुमनला अजून वाटतं की त्या रविवारी तिचा भाऊ रीतसर हरला. हे तिनं छापून आलेलं वाचलं की मला विचारणार आहे, तेव्हाच का नाही सांगितलंत? तर तिच्यासाठी लिहून ठेवतो. तीस वर्षांच्या नोकरीत एवढं एकच माप मी कमी भरलेलं बघूनही बरोबर म्हणून पास केलं, आणि त्याच्यावर शिक्का उल्हासचा होता, माझा नव्हता.